जुन्या मारुती ८००चे ब्रेक आणि स्टीअरिंग घरी दुरुस्त करताना: आधी काय, नंतर काय

पुढच्या डिस्कचे नवे पॅड टाकले, मागच्या ड्रममधले नवे शू टाकले, शेवटी पेडलचा दाब ब्रेक ऑइलला देणारा मास्टर सिलिंडरही नवा आणला. तरी पेडल अर्ध्याच्या खाली जातं आणि ब्रेक मारला की गाडी डावीकडे ओढते. घरी गाडीवर काम करणाऱ्यांकडून ही तक्रार सतत ऐकू येते. त्यांचे पार्ट बहुतेक वेळा चांगले असतात, फसतो तो क्रम. मागचे शू जुळवायच्या आधीच ब्रेकच्या लाइनमधली हवा काढली जाते. लोअर आर्मचे (पुढचं चाक खालून धरणाऱ्या दांड्याचे) रबरी बुश गेलेले असताना चाकांचं अलाइनमेंट करून घेतलं जातं. हँडब्रेकची केबल ताणून ठेवून शू बसवले जातात. मग पैसे जातात आणि दोष तिथेच राहतो.

हा लेख नव्वदच्या दशकातल्या ८००साठी आहे: पुढे डिस्क, मागे ड्रम, रॅक-पिनियनचं (दातेरी पट्टी आणि तिला सरकवणारं छोटं दातेरी चाक) साधं स्टीअरिंग. काही गाड्यांना ब्रेक बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा भाग) आहे, काहींना नाही. दोन्हींचा उल्लेख जागोजागी येईल. टॉर्कचे (नट किती जोराने आवळायचा त्याचे) आकडे, डिस्कची किमान जाडी, टो-इन (पुढची चाकं पुढच्या बाजूला किती आत वळलेली आहेत ते) ही मापं तुमच्या वर्षाच्या सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्या. वर्षागणिक पार्ट बदलले आहेत आणि शेजाऱ्याच्या गाडीचा आकडा तुमच्या गाडीला लागू होईलच असं नाही.

१५ वर्षांनंतर खासगी गाडीची नोंदणी दर ५ वर्षांनी वाढवून घ्यावी लागते आणि त्या तपासणीत ब्रेक व स्टीअरिंग बघतातच. पण फक्त तिथे पास होण्यापुरतं काम करू नका. घाटात माणसं बसवून उतरायचं आहे, ही कसोटी समोर ठेवा.

कामाला हात घालण्याआधी

जागा सपाट आणि सिमेंटची हवी. सोसायटीच्या पार्किंगला पाण्यासाठी दिलेला हलका उतार डोळ्यांना दिसत नाही, पण जॅकवरची गाडी तेवढ्यावरही सरकते. पेव्हर ब्लॉकवर काम करणार असाल तर जॅक स्टँडखाली जाड प्लायचा तुकडा घाला, नाहीतर ब्लॉक खचतो. भर पावसाळ्यात ब्रेकची लाइन उघडू नका. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं आणि कोकणातल्या जुलैत ते काम फार लवकर होतं.

गाडी किमान आठवडाभर बंद ठेवायची तयारी ठेवा. सोमवारी ऑफिसला न्यायची म्हणून रविवारी रात्री घाईत हवा काढणं, हीच अपघाताची सुरुवात असते.

हत्यारांत चार गोष्टींवर तडजोड नको: चार भक्कम जॅक स्टँड, टॉर्क पाना, ब्रेक पाइपच्या नटासाठी १० मि.मी.चा फ्लेअर नट पाना आणि बॉल जॉइंट काढायचा पुलर. साध्या फिक्स पान्याने पाइपचा गंजलेला नट गोल होतो. मग पूर्ण पाइप कापावा लागतो आणि दोन तासांचं काम चार दिवसांवर जातं. बाकी गोटी पान्यांचा सेट, पक्कड, तारेचा ब्रश, पारदर्शक नळी, काचेची बाटली, ब्रेक क्लीनर, हातमोजे आणि चांगला मास्क.

पार्ट दोन टप्प्यांत घ्या. आधी घ्यायचे ते असे: तिन्ही-चारही रबरी होज, कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) किट, व्हील सिलिंडर (ड्रममधले शू पसरवणारा भाग) किट, तांब्याचे वॉशर, स्प्लिट पिन, टाय रॉड एन्ड (स्टीअरिंगचा दांडा चाकाकडे जोडणारा सांधा), रॅकचे बूट (रबरी आवरणं) आणि डॉट ३ दर्जाच्या ब्रेक ऑइलच्या सीलबंद बाटल्या. डिस्क, ड्रम, व्हील सिलिंडर, लोअर आर्म हे उघडून बघितल्यावर ठरवा. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा पुण्यात नाना पेठेत जुन्या ८००चं जवळपास सगळं मिळतं. मात्र ब्रेक आणि स्टीअरिंगमधला रबराचा कोणताही भाग, टाय रॉड एन्ड, बॉल जॉइंट आणि रॅक वापरलेले घेऊ नका. नव्या पाकिटातही नकली माल असतो: छपाई फिकट, पार्ट नंबर खोडलेला, किंमत निम्मी, असं दिसलं की परत करा.

> सावध: ब्रेक सिस्टिममध्ये इंजिन ऑइल, गिअर ऑइल, पेट्रोल, डिझेल, रॉकेल, यातलं काहीही जाता कामा नये. खनिज तेलाचा थोडासा अंशही रबरी कप फुगवतो. डॉट ५ हे सिलिकॉनचं ऑइल आहे, ते डॉट ३मध्ये मिसळत नाही. डॉट ४ चालतं, पण सगळं जुनं ऑइल काढून.

टप्पा १: चाकं जमिनीवर असतानाच निदान

गाडी उचलायची घाई करू नका. सांध्यांतली काही ढिलाई फक्त वजन असतानाच दिसते.

इंजिन बंद, चाकं सरळ. मदतनीसाला स्टीअरिंग डावी-उजवीकडे थोडं थोडं हलवायला सांगा, चाकं वळणार नाहीत इतपतच. तुम्ही वाकून एकेक सांध्यावर बोट ठेवा: टाय रॉड एन्ड, रॅकच्या आतला सांधा (बूटवरून बोटाला जाणवतो), रॅकचे बॉडीला धरणारे ब्रॅकेट आणि रबर, पेडलजवळचा स्टीअरिंग शाफ्टचा जोड. हालचाल जिथे एका बाजूला आहे आणि दुसऱ्या बाजूला उशिरा पोचते, तो सांधा गेलेला.

स्टीअरिंग किती मोकळं फिरतं तेही मोजा. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम ९८नुसार ही मोकळीक ३० अंशांपेक्षा जास्त असता कामा नये. पण ३७ सें.मी. व्यासाच्या स्टीअरिंगवर ३० अंश म्हणजे कडेला साधारण साडेनऊ सें.मी. होतात. रॅक-पिनियनच्या हलक्या गाडीत एवढी ढिलाई असेल तर ती गाडी चालवूच नये. कडेला ३ सें.मी.पेक्षा जास्त वाटलं की कारण शोधायला लागा.

आता पेडल. इंजिन बंद ठेवून पेडल दाबा आणि एक मिनिट दाबून धरा.

- पहिल्या दाबात खाली, दोन-तीनदा पंप केल्यावर वर: मागचे शू सैल, किंवा हवा.
- दाबून धरल्यावर हळूहळू बुडतं: बाहेर गळती नसेल तर मास्टर सिलिंडरचे कप.
- स्पंजसारखं लवचिक: हवा, किंवा फुगणारे जुने होज.
- कडक, पण गाडी थांबत नाही: तेलकट पॅड, अडकलेले पिस्टन, किंवा बूस्टर.

बूस्टर असेल तर इंजिन बंद ठेवून पाच-सहा वेळा पंप करा, पाय दाबून धरा आणि इंजिन सुरू करा. पेडल जरासं खाली सरकलं तर बूस्टर काम करतोय.

हे सगळं कागदावर लिहा. काम झाल्यावर नेमकं काय सुधारलं हे त्याशिवाय कळणार नाही.

टप्पा २: गाडी उचलणं आणि चारही चाकांची चाचणी

चाकाचे नट जमिनीवरच थोडे सैल करा. मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी पाचर लावा, मग पुढची बाजू उचला. जॅक स्टँड फक्त बॉडीच्या मजबूत जागांखाली लावा. जुन्या ८००चा तळ, विशेषतः मुंबई-कोकणातल्या गाड्यांचा, गंजून पातळ झालेला असतो. उचलायच्या जागी आधी स्क्रूड्रायव्हरची मूठ ठोकून बघा. आवाज पोकळ किंवा चुरचुरीत आला तर ब्रेकच्या आधी वेल्डिंगचं काम आहे.

> सावध: विटा आणि सिमेंटचे पोकळ ब्लॉक आधार म्हणून कधीही नाही. ते तडा न दाखवता एकदम फुटतात. गाडीसोबतच्या जॅकवर उभ्या गाडीखाली हातसुद्धा घालू नका.

चाक वर-खाली धरून हलवा, मग डावी-उजवीकडे धरून. फक्त आडवी ढिलाई असेल तर टाय रॉड एन्ड किंवा रॅक. उभी ढिलाई असेल तर बेअरिंग किंवा खालचा बॉल जॉइंट, आणि इथे बहुतेकांची गफलत होते. मदतनीसाला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ढिलाई गेली तर बेअरिंग. ब्रेक दाबूनही राहिली तर बॉल जॉइंट.

मागच्या चाकांचं बेअरिंगही आत्ताच बघा. बेअरिंग ढिलं असेल तर ड्रम वाकडा फिरतो, शूंना मागे ढकलतो आणि पेडल खाली जातं. अशा गाडीत कितीही ऑइल ओतून हवा काढली तरी फरक पडणार नाही.

टप्पा ३: स्टीअरिंग आणि पुढचे सांधे, ब्रेकच्या आधी

आधी स्टीअरिंग का? ८००मध्ये पुढचा लोअर आर्म एकेरी आहे आणि त्याला पुढे-मागे धरून ठेवण्याचं काम स्टॅबिलायझर बार करतो. त्या बारचे बुश संपले की ब्रेक मारताना चाक मागे सरकतं आणि गाडी ओढते. लोक कॅलिपरला दोष देतात, दोन्ही कॅलिपर बदलतात आणि गाडी पहिल्यासारखीच ओढत राहते. बुशसाठी खर्च कमी आहे, पण ते हाताला तेलकट, डोळ्यांना जेमतेम दिसणारे, म्हणून कुणी बघत नाही. टॉमी घालून हलकेच उचकटून बघा. रबर फाटलेलं, लोखंडापासून सुटलेलं किंवा तेलाने मऊ झालेलं असेल तर दोन्ही बाजूंचे बदला.

लोअर आर्मच्या आतल्या बुशचा बोल्ट गाडी हवेत असताना पूर्ण आवळू नका. चाक लटकलेल्या अवस्थेत आवळला तर गाडी खाली आल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. आत्ता हाताने बसवा, शेवटचं आवळणं चाकं जमिनीवर आल्यावर टॉर्क पान्याने. बोनेटवर चिठ्ठी चिकटवून ठेवा, कारण शेवटी हे विसरलं जातंच.

टाय रॉड एन्ड बदलताना असा क्रम ठेवा:

१. लॉक नट अर्धा फेरा सैल करण्याआधी त्याची जागा आणि दिसणारे आटे पेंटने खुणावून घ्या.
२. स्प्लिट पिन काढा, वरचा नट सैल करा, पण पूर्ण काढू नका. पुलर लावून सांधा सोडवा.
३. जुना एन्ड फिरवून काढताना फेरे मोजा आणि लिहा. नवा तेवढेच फेरे फिरवून बसवा.
४. नट टॉर्कने आवळा. पिनचं भोक जुळत नसेल तर नट आणखी आवळून जुळवा. भोक जुळवण्यासाठी नट मागे सैल करायचा नाही.
५. पिन नवीनच, आणि दोन्ही पाय वाकवलेले.

थेट हातोडा मारून सांधा काढण्याची सवय गॅरेजमध्ये सर्रास दिसते. त्यात रबरी टोपी फाटते, आटे चेपतात, आणि धक्का रॅकच्या दातांपर्यंत जातो. शेकडो रुपयांचा पुलर हजारोंचा रॅक वाचवतो.

रॅक घरी खोलून दुरुस्त करू नका. बूट फाटून आत पाणी गेलं असेल, दातांवर गंज किंवा खड्डे असतील, तर अख्खा रॅक बदला. बूट फाटलेला आहे पण आत कोरडं आणि स्वच्छ आहे, तर जुनं ग्रीस पुसून मॅन्युअलमध्ये सांगितलेलं ग्रीस भरा आणि नवा बूट दोन्ही टोकांना क्लिप लावून बसवा. बूट पिळलेला राहता कामा नये.

रॅकला दाब देणारा एक अॅडजस्टिंग स्क्रू असतो. ढिलाई लपवण्यासाठी तो आवळणं ही जुनी युक्ती आहे आणि घातक आहे. रॅक मधल्या भागात जास्त झिजतो, कडांना कमी. मध्यावर ढिलाई जाईपर्यंत स्क्रू आवळला की पूर्ण वळणावर तो जाम होतो, आणि घाटातल्या वळणावर स्टीअरिंग परत सरळ येत नाही.

शाफ्टचा खालचा जोड काढायचा असेल तर जोड आणि पिनियन दोन्हींवर एकच सरळ खूण करा. बोल्ट पिनियनच्या खाचेतून आरपार जायला हवा. जोड अर्धवट बसवून आवळला तरी वरून तो ठीकच दिसतो.

> तपासणी: स्टीअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हाताने फिरवा. कुठेही अडकणं, कुरकुर, बूट ताणला जाणं किंवा होज घासणं नसावं. मधल्या स्थितीपासून दोन्हीकडे सारखेच फेरे व्हायला हवेत.

टप्पा ४: पुढचे डिस्क ब्रेक

एका वेळी एकच बाजू खोला. दुसरी बाजू नमुना म्हणून राहते. त्याआधीच्या संध्याकाळी हवा काढायच्या सगळ्या निप्पलांवर गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. निप्पल पोकळ असतं, जोर केला की सहज तुटतं. सहा कोनांच्या गोटी पान्याने आधी किंचित आवळायचं, मग सैल करायचं.

जुन्या लायनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं. ब्रेकची धूळ तोंडाने किंवा कॉम्प्रेसरने उडवू नका. ब्रेक क्लीनरने भिजवून, कपड्याने पुसून, तो कपडा पिशवीत बांधून टाका. मुलं अंगणात खेळत असतील तर हे काम थांबवा.

कॅलिपर काढल्यावर तो होजवर लटकू देऊ नका, तारेने स्प्रिंगला बांधा. पिस्टन बाहेर काढायचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे कॅलिपर गाडीला जोडलेला असतानाच, समोर लाकडाचा ठोकळा ठेवून, पेडल हळूहळू दाबणं. कॉम्प्रेसरची हवा वापरणार असाल तर कमीत कमी दाब आणि ठोकळा हवाच. पिस्टन सुटताना गोळीसारखा येतो. तिथे बोट असेल तर हाड मोडतं.

पिस्टनच्या अंगावर नखाला लागणारा खड्डा असेल तर पिस्टन बदला. किटमधलं नवं सील खडबडीत पिस्टनवर टिकत नाही. सिलिंडरमधली सीलची खाच लाकडी काडीने साफ करा, लोखंडी टोकाने नाही. सील आणि पिस्टनला नवं ब्रेक ऑइल लावून हाताने दाबून बसवा. वाकडा जात असेल तर थांबा, ठोकू नका.

गाडी एका बाजूला ओढण्याचं सर्वांत जास्त दुर्लक्षित कारण म्हणजे कॅलिपरच्या स्लाइड पिन. कॅलिपर या पिनांवर सरकतो, तेव्हाच दोन्ही पॅड सारखे दाबले जातात. आतला पॅड संपलेला आणि बाहेरचा जाड दिसला की समजायचं पिन जाम आहेत. त्या काढा, गंज साफ करा, रबराला चालणारं सिलिकॉन ग्रीस लावा. साधं पिवळं ग्रीस रबरी टोप्या फुगवतं आणि पिन पुन्हा अडकतात.

रबरी होज बाहेरून चांगले दिसले तरी बदला. आतलं रबर सुजतं आणि व्हॉल्व्हसारखं वागतं: पायाच्या जोराने ऑइल पुढे जातं, पण परत येत नाही. चाक गरम, गाडी जड, मायलेज कमी. गळती थांबवण्यासाठी होज पकडीने दाबून ठेवू नका. बँजो बोल्टला (होज कॅलिपरला जोडणाऱ्या पोकळ बोल्टला) दोन्ही बाजूंना तांब्याचे नवे वॉशर.

डिस्कची किमान जाडी मॅन्युअलमध्ये असते आणि बऱ्याचदा डिस्कवरही कोरलेली असते. त्यापेक्षा कमी असेल तर लेथवर घासून घ्यायचा विचार सोडा. काही गाड्यांत डिस्क बदलायला हब ओढून काढावा लागतो. हबचा पुलर आणि प्रेस नसेल तर तेवढं काम बाहेरून करून घ्या, कारण हब ठोकून काढला की बेअरिंग जातं.

> तपासणी: होज लावल्यावर चाक दोन्ही टोकांना पूर्ण वळवून बघा. होज पिळलेला नसावा, स्प्रिंगला किंवा चाकाला लागत नसावा.

टप्पा ५: मागचे ड्रम

गाडीच्या आत हँडब्रेकची केबल पूर्ण सैल करा. हे न करता शू बसवले तर ते विश्रांतीच्या जागी परत येत नाहीत आणि पुढची सगळी जुळवणी खोटी ठरते.

मधली टोपी काढून नट सोडवा. ड्रमसोबत बेअरिंग बाहेर येतात. ड्रम अडकला असेल तर आत झिजेची कड तयार झाली आहे आणि शू तिला अडतायत. मागच्या प्लेटच्या भोकातून शू आत घ्या, मग स्लायडिंग हॅमरने ओढा. ड्रमच्या कडेवर हातोडे मारू नका, बीडाचा तुकडा पडतो.

खोलल्याबरोबर फोटो काढा: कोणती स्प्रिंग कोणत्या भोकात, हँडब्रेकची पट्टी कोणत्या शूवर. व्हील सिलिंडरची रबरी टोपी उचलून बघा. आत ओलं असेल तर सिलिंडर गळतोय. हलका डाग बारीक पॉलिश पेपरने जातो. खड्डे असतील तर नुसतं किट टाकून उपयोग नाही, अख्खा सिलिंडर बदला. ऑइल लागलेले शू घासून, पेट्रोलने धुऊन किंवा भाजून परत वापरू नका.

शू ज्या जागी प्लेटवर टेकून सरकतात तिथे घासून खाचा पडलेल्या असतात. त्या गुळगुळीत करा आणि उष्णता सोसणारं ग्रीस अगदी बोटाच्या टोकाएवढं लावा. शूमधलं अंतर जुळवणारी पट्टी हाताने हलवून बघा. ती गंजून अडकली असेल तर शू कितीही नवे असोत, पेडल खालीच जाणार.

ड्रमवर किंवा मॅन्युअलमध्ये दिलेल्या कमाल व्यासापेक्षा ड्रम मोठा झाला असेल तर बदला. लेथवर घ्यायचा तर दोन्ही ड्रम सारख्याच मापाला.

टप्पा ६: मास्टर सिलिंडर, पाइप आणि पेडल

लोखंडी पाइप मागपर्यंत डोळ्यांनी तपासा. क्लिपच्या खाली, पेट्रोलच्या टाकीजवळ आणि मागच्या अॅक्सलवर चिखल साठून ते कुजतात. पापुद्रे सुटत असतील तर बदला. नवीन पाइप ब्रेकसाठीच बनवलेला, टोकाला दुहेरी फ्लेअर केलेला हवा. फ्रीजच्या तांब्याच्या नळीचा तुकडा घालून जोडलेला पाइप दिसला तर गाडी त्याच क्षणापासून बंद.

मास्टर सिलिंडर बदलत असाल तर गाडीला लावण्याआधी व्हाइसमध्ये आडवा धरून, दोन छोट्या नळ्या परत ब्रेक ऑइलच्या टाकीत सोडून, हवेचे बुडबुडे थांबेपर्यंत पिस्टन हळूहळू दाबा. ही पायरी टाळली तर आत अडकलेली हवा चाकांच्या निप्पलातून सहज निघत नाही.

पेडल आणि मास्टर सिलिंडर यांच्यामध्ये थोडी मोकळीक असायलाच हवी. पुशरॉड (पेडलचा जोर मास्टर सिलिंडरला देणारी सळई) किंवा ब्रेक लाइटचा स्विच पेडलला कायम दाबून ठेवत असेल तर ऑइल परत येण्याचं बारीक भोक बंद राहतं. गाडी पाच-दहा किलोमीटर बरी चालते, ऑइल तापतं, मग चारही चाकं आपोआप धरतात. ब्रेक गरम झाल्यावर गाडी जड होते, थंड झाल्यावर मोकळी, असं असेल तर आधी इथे बघा.

टप्पा ७: आधी शू जुळवा, मग हवा काढा

ड्रम बसवल्यावर शू इतके जवळ आणा की चाक फिरवताना हलकासा घासण्याचा आवाज येईल, पण चाक अडणार नाही. आपोआप जुळणारी रचना असेल तर ती ऑइल भरल्यावर पेडलवर काम करते. तरी सुरुवातीचं अंतर हाताने शक्य तितकं कमी ठेवा. शू लांब असतील तर पेडलचा अर्धा प्रवास त्यांना ड्रमपर्यंत नेण्यातच संपतो. पायाला ते अगदी हवेसारखंच वाटतं, आणि लोक ऑइलच्या बाटल्यांवर बाटल्या रिकाम्या करत बसतात.

आता हवा. मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात, म्हणजे आपल्याकडच्या उजव्या स्टीअरिंगच्या गाडीत मागचं डावं. पुढचा क्रम पाइप कसे विभागले आहेत त्यावर ठरतो, तो मॅन्युअलमध्ये बघा. मागच्या एखाद्या चाकाला निप्पल दिसला नाही तर घाबरू नका; सुझुकीच्या काही रचनांत मागे एकच निप्पल असतो.

१. निप्पलला पारदर्शक नळी लावा, दुसरं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडवा.
२. मदतनीस पेडल हळू दाबून धरेल आणि मोठ्याने सांगेल.
३. निप्पल पाव फेरा उघडा, ऑइल येऊ द्या, बंद करा. मगच पेडल सोडायचं.
४. बुडबुडे थांबून ताजं, स्वच्छ ऑइल येईपर्यंत हेच.
५. दर चार-पाच दाबांनंतर ब्रेक ऑइलची टाकी बघा. टाकी एकदा रिकामी झाली की पहिल्यापासून सुरुवात.

जुना मास्टर सिलिंडर ठेवला असेल तर पेडल जमिनीपर्यंत नेऊ नका. पेडलखाली लाकडाचा तुकडा ठेवा. रोजच्या वापरात पिस्टन जिथे कधी जात नाही तिथे गंजाचा थर असतो. कप त्यावरून गेले की कापले जातात आणि काल बरा असलेला सिलिंडर आज निकामी होतो.

> सावध: बाटलीत निघालेलं ऑइल परत टाकीत ओतू नका. ताज्या डॉट ३चा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असतो, पाणी शोषलेल्याचा मानकाप्रमाणे १४० अंशांपर्यंत खाली येऊ शकतो. उघडून महिनोन्महिने ठेवलेली बाटलीही फेकून द्या. पेंटवर थेंब पडला तर लगेच भरपूर पाण्याने धुवा.

हवा निघाल्यावर पेडल चार-पाच वेळा जोरात दाबा, म्हणजे शू आपल्या जागी बसतील. हँडब्रेक सगळ्यांत शेवटी जुळवा. तो ताणून पेडल वर आणायचा प्रयत्न करू नका. त्याने शू सतत घासतात आणि मागची चाकं तापतात.

> तपासणी: पेडल कडक धरून दोन मिनिटं. मग प्रत्येक जोड कोऱ्या कागदाने पुसून बघा. कागद ओला झाला तर तो जोड पुन्हा.

टप्पा ८: खाली उतरवणं, आवळणं, टो-इन

चाकं लावून गाडी खाली घ्या, पुढची बाजू दाबून दोन-तीनदा हलवा आणि मग लोअर आर्मचे राहिलेले बोल्ट आवळा. बोनेटवरची चिठ्ठी आत्ता काढा. चाकांचे नट समोरासमोरच्या क्रमाने, टॉर्क पान्याने.

टो-इन घरी फक्त गाडी अलाइनमेंटच्या दुकानापर्यंत सुरक्षित जाईल इतपतच जुळवायचा. पुढच्या दोन्ही टायरच्या मध्यावर खडूची रेघ मारा. गाडी थोडी पुढे ढकलून रेघा हबच्या उंचीला पुढे आल्यावर अंतर मोजा, पुन्हा ढकलून मागे आल्यावर मोजा. फरक दुरुस्त करायचा तर दोन्ही टाय रॉड सारखेच फिरवा. एकच फिरवलात तर स्टीअरिंग वाकडं बसतं आणि गाडी एका बाजूला कमी वळते. स्टीअरिंग सरळ दिसावं म्हणून ते शाफ्टवरून काढून फिरवून बसवणं हा उपाय नव्हे.

टप्पा ९: पहिली फेरी

जागेवरच इंजिन सुरू करून पेडल दाबा, हँडब्रेक ओढा-सोडा. मग मोकळ्या मैदानात किंवा सोसायटीच्या रिकाम्या रस्त्यावर चालण्याच्या वेगाने थांबून बघा. पेडल बदललं किंवा गाडी ओढली तर तिथेच परत फिरा, रस्त्यावर जाऊ नका.

सगळं ठीक असेल तर सकाळच्या रिकाम्या रस्त्यावर पॅड बसवून घ्या: ५०च्या वेगावरून १५पर्यंत मध्यम दाबाने सावकाश, मध्ये थंड व्हायला अंतर सोडून, असं आठ-दहा वेळा. पूर्ण थांबून पेडल दाबून ठेवू नका, गरम पॅड डिस्कवर ठसा सोडतो. हात स्टीअरिंगवर हलके ठेवा, पण सोडू नका.

थांबल्यावर चारही चाकांजवळ तळहात न्या, स्पर्श न करता. पुढची दोन्ही जवळपास सारखी गरम हवीत. एकच जास्त तापलं असेल तर तिथला कॅलिपर किंवा होज सोडत नाही. मागचं एखादं एकदम थंड असेल तर तिथला शू लागतच नाही.

त्याच दिवशी अलाइनमेंट करून घ्या आणि दुकानदाराला टाय रॉड बदलल्याचं सांगा, म्हणजे तो लॉक नट तपासूनच सोडेल. १०० कि.मी.नंतर चाकांचे नट पुन्हा टॉर्कने बघा आणि टाकीतल्या ऑइलच्या पातळीवर मार्करने रेघ मारा. ५०० कि.मी.ला बूट, होज, सगळे जोड आणि स्प्लिट पिन एकदा पाहा, मागचे शू पुन्हा जुळवा. रेघेखाली पातळी गेली असेल तर नुसतं ऑइल भरू नका, गळती शोधा. पूर्ण ऑइल दर दोन वर्षांनी बदलायचं. किनारपट्टीवर राहत असाल तर दर पावसाळ्यानंतर निप्पल एकदा उघडून पुन्हा बसवा, म्हणजे ते गंजून अडकणार नाहीत.